पाच हजार टन आणि तीन पीपीएम: वस्तुमान प्रवाहदर मोठ्या एककातून लहान एककात आणताना

रसशाळा

नमस्कार. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला एकाच पाळीत दोन टोकांचे आकडे हाताळावे लागतात. गव्हाणीत पडणारा ऊस टन प्रतिदिन या हिशेबात मोजला जातो आणि त्याच उसाच्या रसात क्लॅरिफायरच्या (रस निवळवणाऱ्या टाकीच्या) तोंडाशी सोडले जाणारे फ्लॉक्युलंट (गाळाचे कण एकत्र आणणारे रसायन) ग्रॅम प्रतिमिनिटाच्या घरात असते. मधली साखळी कागदावर नीट मांडली नाही, तर पंपावर लावलेला आकडा बरोबर आहे की नाही हे सांगायला संध्याकाळी रसाच्या गढूळपणाखेरीज दुसरा साक्षीदार उरत नाही. हंगाम तोंडावर आला असल्याने ही साखळी एकदा सविस्तर लिहून ठेवावी आणि इतर क्षेत्रांतल्या मंडळींकडूनही त्यांची रीत समजून घ्यावी, या हेतूने हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे असे, की या रूपांतरात चूक शून्यांची फारशी होत नाही. शून्ये कॅल्क्युलेटर सांभाळतो. चूक होते ती तीन साध्या प्रश्नांची उत्तरे न लिहिल्याने: दिवस किती तासांचा धरला, टन कोणता धरला, आणि पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) नेमके कशाच्या वजनावर धरले.

उदाहरणासाठी ५,००० टीसीडी (टन ऊस प्रतिदिन) क्षमतेचा कारखाना घेऊ. चोवीस तासांचा दिवस धरला तर १ टन प्रतिदिन म्हणजे दहा लाख ग्रॅम भागिले ८६,४०० सेकंद, म्हणजेच ११.५७४ ग्रॅम प्रतिसेकंद. या हिशेबाने ५,००० टन प्रतिदिन म्हणजे २०८.३३ टन प्रतितास किंवा ५७.८७ किलोग्रॅम प्रतिसेकंद. परंतु आपल्याकडे कारखान्याची क्षमता ठरवताना साफसफाई आणि किरकोळ थांबे वगळून बावीस तासांचा दिवस धरण्याची पद्धत आहे. त्या पद्धतीने हाच कारखाना २२७.२७ टन प्रतितास, म्हणजे ६३.१३ किलोग्रॅम प्रतिसेकंद ऊस गाळतो. दोन्ही उत्तरांत नऊ टक्क्यांचा फरक आहे आणि दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र पंपाला रोजची सरासरी कळत नाही; त्याला मिल चालू असतानाचा दर हवा असतो, म्हणून डोसिंगच्या हिशेबासाठी मी बावीस तासांचाच आकडा घेतो.

आता लहान टोकाकडे जाऊ. पीपीएम म्हणजे टनाला ग्रॅम, किंवा किलोला मिलिग्रॅम. ही एक ओळ पाठ असली की दहाचे सहा घात मागेपुढे करण्याची गरजच राहत नाही. सोयीसाठी मिश्र रस (गाळताना घातलेल्या पाण्यासह निघणारा रस) वजनाने उसाच्या शंभर टक्के धरला आणि फ्लॉक्युलंटची मात्रा रसावर ३ पीपीएम ठरवली, तर ६३.१३ किलोग्रॅम प्रतिसेकंद गुणिले ३ मिलिग्रॅम प्रतिकिलो म्हणजे १८९.४ मिलिग्रॅम प्रतिसेकंद. तासाला हेच ६८२ ग्रॅम होतात आणि मिनिटाला ११.४ ग्रॅम. ०.१ टक्का द्रावण केले असेल, तर एका लिटरमध्ये एक ग्रॅम भुकटी असते, म्हणून पंप ६८२ लिटर प्रतितासावर लावावा लागेल, ०.०५ टक्के द्रावण असेल तर १,३६४ लिटरवर.

चुन्याचेही तसेच. उसावर ०.१८ टक्के चुना म्हणजे टनाला १.८ किलो किंवा किलोला १.८ ग्रॅम, म्हणून ११३.६ ग्रॅम प्रतिसेकंद, तासाला ४०९ किलो. टक्केवारी असो की पीपीएम, ती "टनाला किती" आणि "किलोला किती" अशा दोन्ही रूपांत लिहून ठेवली, तर टन प्रतितासाने चालणाऱ्याला आणि किलोग्रॅम प्रतिसेकंदाने चालणाऱ्याला एकाच कागदावरून काम करता येते.

आपापल्या कामात असे मोठे आणि लहान दर एकत्र येत असतील, तर कृपया लिहावे.

नवशिका

रसशाळा सर, धागा अगदी वेळेवर आला. मी यंदाच एका कारखान्यात रुजू झालो असून माझ्या दोन शंका आहेत. पहिली अशी, की बावीस तासांच्या हिशेबाने पंप लावला आणि मिल खरोखरच चोवीस तास न थांबता चालली, तर दिवसाच्या ताळेबंदात फ्लॉक्युलंट जास्त खर्ची पडलेले दिसेल. ते कसे समजावून सांगावे? दुसरी शंका फॉस्फरिक ॲसिडबद्दल आहे. रसातले फॉस्फेट २०० पीपीएमवरून ३०० पीपीएमवर न्यायचे, असे आम्हाला सांगितले आहे. मग ॲसिड १०० पीपीएम सोडायचे, असा त्याचा अर्थ घ्यावा का?

रसशाळा

पहिल्या शंकेचे उत्तर सरळ आहे. मिल २२७.२७ टन प्रतितासाने पूर्ण चोवीस तास चालली, तर त्या दिवशी ५,००० नव्हे, तर ५,४५४ टन गाळप होईल. फ्लॉक्युलंट नऊ टक्के जास्त गेले आणि ऊसही नऊ टक्के जास्त गाळला गेला, म्हणजे पीपीएम जागच्या जागी राहिले. ताळेबंदात नेहमी टनामागे खर्च पाहावा, दिवसामागे पाहू नये.

दुसऱ्या शंकेत मात्र थांबून विचार करावा लागेल. रसातले फॉस्फेट आपण फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात व्यक्त करतो, आणि पिंपात असते ते ८५ टक्के फॉस्फरिक ॲसिड. शुद्ध फॉस्फरिक ॲसिडमध्ये पेंटॉक्साइडचा वाटा वजनाने ७२.४ टक्के असतो, म्हणून ८५ टक्के ॲसिडमध्ये तो ६१.६ टक्के भरतो. रसात पेंटॉक्साइड १०० पीपीएमने वाढवायचे असेल, तर पिंपातले ॲसिड १०० भागिले ०.६१६, म्हणजे सुमारे १६२ पीपीएम लागेल. वरच्याच कारखान्यासाठी ते १०.२५ ग्रॅम प्रतिसेकंद, तासाला ३६.९ किलो होते. आणि ८५ टक्के ॲसिडची घनता सुमारे १.६८५ किलो प्रतिलिटर असल्याने पंपावर आकडा येतो तो २१.९ लिटर प्रतितास. जो माणूस १०० पीपीएम ॲसिड असा अर्थ घेईल, तो तासाला २२.७ किलो सोडेल. गंमत म्हणजे त्याने घनताही विसरली आणि तेवढेच लिटर पंपावर लावले, तर पंपावरचा आकडा जवळजवळ बरोबर दिसेल आणि दोन्ही चुका एकमेकींच्या आड लपून बसतील. म्हणून कागदावर प्रत्येक पायरीला एकक लिहावे आणि एककापुढे "कशाचे" हेही लिहावे.

पाटकरी

मी पाटबंधाऱ्याकडचा माणूस. उसाला पाणी देण्यापलीकडे साखरेशी माझा संबंध नाही. परंतु रसशाळा यांनी दिलेला ११.५७४ हा आकडा वाचून मला राहवले नाही. आमच्याकडे एक टीएमसी पाणी एका दिवसात सोडायचे असेल, तर विसर्ग ११,५७४ क्युसेक (घनफूट प्रतिसेकंद) ठेवावा लागतो. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार करून पाहावा. तुमच्याकडे दहा लाख ग्रॅम त्याच ८६,४०० ने भागले जातात, म्हणून अंक तेच आणि फक्त दशांशचिन्हाची जागा वेगळी. ज्याला एक आकडा पाठ आहे, त्याला दोन्ही खात्यांत नोकरी करता येईल.

आमचा व्यवहार घनफळाचा असला, तरी पाण्याच्या बाबतीत वस्तुमानाकडे जाणे सोपे आहे. एक क्युसेक म्हणजे २८.३१७ लिटर प्रतिसेकंद, म्हणून वजनाने सुमारे २८.३ किलोग्रॅम प्रतिसेकंद आणि चोवीस तासांत २,४४७ टन. याचा अर्थ असा, की पाच हजार टन गाळणारा कारखाना वजनाच्या हिशेबाने दोन क्युसेकच्या लहानशा पाटाएवढा वाहतो. गाळपाचे आकडे वाचून डोळे दिपतात, पण कोयनेतून दहा हजार क्युसेक विसर्ग सुरू असल्याची बातमी आपण चहा पिताना वाचतो, तेव्हा सेकंदाला २८३ टन पाणी खाली जात असते आणि दिवसभरात धरणातून ०.८६४ टीएमसी कमी होते. १०५.२५ टीएमसीच्या त्या जलाशयातले सगळे पाणी वजनात मांडले तर २९८ कोटी टन भरते.

लहान टोक आमच्याकडेही आहे, ते गाळाचे. नदीच्या पाण्यात लिटरला एक ग्रॅम गाळ असेल, तर दहा हजार क्युसेकमागे सेकंदाला २८३ किलो माती वाहत जाते. इथेही लिटरला ग्रॅम म्हणजेच घनमीटरला किलो, ही एकच ओळ कामाला येते.

वाफारा

बॉयलरवाल्यांचे सगळे टन प्रतितासात चालते. १०० टीपीएच (टन प्रतितास) वाफ म्हणजे २७.७८ किलोग्रॅम प्रतिसेकंद, ३.६ ने भागले की झाले. त्यात अडखळण्यासारखे काही नाही, म्हणून मी चिमणीबद्दल लिहितो.

साखर कारखान्याच्या चिमणीतून बाहेर पडणाऱ्या धूलिकणांची मर्यादा प्रमाणित घनमीटरला १५० मिलिग्रॅम अशी आहे. समजा, बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणाऱ्या आपल्या बॉयलरचा धूरवायू तासाला दोन लाख प्रमाणित घनमीटर आहे आणि धूलिकण नेमके मर्यादेवर आहेत. मग तासाला तीन कोटी मिलिग्रॅम, म्हणजे ३० किलो, म्हणजे ८.३३ ग्रॅम प्रतिसेकंद. कोटीतून एकदम एक आकडी संख्येवर आल्यामुळे माणूस दचकतो आणि पुन्हा मोजत बसतो. उत्तर बरोबर असते.

खरा घोटाळा वार्षिक आकड्यात होतो. हाच बॉयलर १६० दिवसांच्या हंगामात अखंड चालला, तर ११५.२ टन धूलिकण बाहेर पडतील. अहवालात हा आकडा "टन प्रतिवर्ष" म्हणून जातो. पुढे एखादा सल्लागार तो हातात घेऊन परत ग्रॅम प्रतिसेकंद काढतो आणि वर्षाचे ३,१५,३६,००० सेकंद धरून ३.६५ ग्रॅम प्रतिसेकंद असे उत्तर लिहितो. चिमणी मात्र जेव्हा चालते तेव्हा ८.३३ ने चालते आणि उरलेल्या काळात शून्याने. आसपासच्या गावात हवेत किती धूळ राहील याचे गणित ३.६५ वर केले, तर हंगामातल्या दिवसांसाठी ते निम्म्याहून कमी दाखवेल. रसशाळा यांनी बावीस तासांच्या दिवसाबद्दल सांगितले; १६० दिवसांचे वर्ष हा त्याच प्रश्नाचा थोरला भाऊ आहे.

शुश्रूषा

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. तुमचे लहान टोक जिथे संपते, तिथून आमचे काम सुरू होते, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. खाली दिलेले केवळ गणिताचे उदाहरण आहे, उपचाराचा सल्ला नाही.

रक्तदाब टिकवण्याच्या औषधांची मात्रा मायक्रोग्रॅम प्रतिकिलो प्रतिमिनिट अशी लिहिलेली असते. त्यातला किलो रुग्णाच्या वजनाचा. समजा मात्रा ०.१ आणि रुग्णाचे वजन ६० किलो. तर मिनिटाला ६ मायक्रोग्रॅम आणि तासाला ३६० मायक्रोग्रॅम. सिरिंजमध्ये ५० मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम औषध असेल, तर एका मिलिलिटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम येते, म्हणून सिरिंज पंप ४.५ मिलिलिटर प्रतितासावर लावायचा. औषधाचा प्रवाहदर सेकंदाला ०.१ मायक्रोग्रॅम झाला. पाच हजार टनी कारखान्यातला ऊस याच्या सुमारे ६३ हजार कोटी पट वेगाने वाहतो, असे हिशेब करताना लक्षात आले.

नव्या मुलींना शिकवताना मी ६० किलोचे उदाहरण मुद्दाम टाळते, कारण त्यात एकदा वजनाचे साठ येतात आणि एकदा मिनिटांचे साठ. त्यांतले एक साठ राहून गेले, तर वहीत ३६० ऐवजी ६ दिसतात, आणि वजन विसरले की मिनिटे विसरली हे वही पाहून सांगता येत नाही. ५२ किलोचा रुग्ण घेतला, की कोणती पायरी सुटली ते लगेच कळते. आणखी एक गोष्ट म्हणजे मायक्रोग्रॅमचे ग्रीक अक्षर हाताने लिहिले, की घाईत ते मिलिग्रॅमच्या अक्षरासारखे वाचले जाण्याचा धोका असतो आणि तो धोका थेट हजार पटींचा आहे. म्हणून आम्ही ते अक्षर न वापरता "एमसीजी" असे लिहितो.

रसशाळा

शुश्रूषाताई, ५२ किलोची युक्ती मी आमच्याकडेही लागू करणार आहे. मिश्र रस उसाच्या शंभर टक्के धरण्याची माझी सोय तशीच फसवी आहे: १०० टक्क्यांनी गुणायचे राहिले काय आणि गुणले काय, उत्तर तेच येते, आणि मात्रा उसावर होती की रसावर, हा प्रश्न विचारलाच जात नाही. यापुढे उदाहरणात १०४ टक्के धरावेत हे बरे.

लोडसेल

मी कारखान्यांना मोजमापाची उपकरणे बसवून देणारा तंत्रज्ञ आहे. इथपर्यंतची चर्चा कागदावरच्या गणिताची झाली. यंत्राच्या आतही एककांचा एक प्रश्न असतो आणि तो बाहेरून दिसत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी एक लहान मुद्दा. मिश्र रसाच्या पाइपवर बहुधा मॅग्नेटिक फ्लोमीटर असतो आणि तो घनमीटर प्रतितास दाखवतो. पंधरा ब्रिक्सच्या (वजनाने पंधरा टक्के विरघळलेले पदार्थ असलेल्या) रसाची घनता सुमारे १.०६ असते, म्हणून २२७ घनमीटर प्रतितास म्हणजे सुमारे २४१ टन प्रतितास. पडद्यावरचा आकडा टन समजून पीपीएम काढले, तर मात्रा सहा टक्के कमी पडते. कोरिऑलिस पद्धतीचा मीटर असेल, तर तो थेट वस्तुमान देतो आणि हा प्रश्न राहत नाही. पण त्याची किंमत पाहून कारखाने सहसा मॅग्नेटिक मीटरच पसंत करतात.

आता मुख्य मुद्दा टोटलायझरचा, म्हणजे क्षणाक्षणाचा दर जमा करून हंगामाची बेरीज ठेवणाऱ्या आकड्याचा. अनेक पीएलसींमध्ये (यंत्रे चालवणाऱ्या छोट्या संगणकांमध्ये) ही बेरीज बत्तीस बिटांच्या दशांश संख्येत ठेवली जाते. अशा संख्येत सुमारे सातच अंक विश्वासाचे असतात. संख्या लहान असताना तिची पायरी बारीक असते. संख्या वाढत गेली, की पायरी दुप्पट-दुप्पट जाड होत जाते.

समजा, प्रोग्राम लिहिणाऱ्याने बेरीज किलोग्रॅममध्ये ठेवली आणि दर शंभर मिलिसेकंदांनी भर घालायची असे ठरवले. ६३.१३ किलोग्रॅम प्रतिसेकंदाच्या दराने दर वेळी ६.३१ किलो मिळवायचे आहेत. बेरीज ८४ लाख किलोपर्यंत असते तोवर चूक तीन टक्क्यांच्या आत राहते. त्यानंतर पायरी एक किलोची आणि १.६८ कोटींनंतर दोन किलोची होते; दोन्ही वेळा ६.३१ ऐवजी ६ मिळवले जातात आणि पाच टक्के ऊस बेरजेतून गळू लागतो. बेरीज ३.३६ कोटींच्या पुढे गेली, की पायरी चार किलोची होते. आता ६.३१ ला सर्वांत जवळची पायरी ८ ची असते, म्हणून दर वेळी ८ मिळवले जातात आणि यंत्र सत्तावीस टक्के जास्त गाळप दाखवू लागते. ६.७१ कोटींनंतर पायरी आठची झाली तरी हेच सुरू राहते. आणि १३.४२ कोटी किलो, म्हणजे १,३४,२१७ टन ओलांडले, की पायरी सोळा किलोची होते, ६.३१ हे अर्ध्या पायरीपेक्षाही कमी, म्हणून बेरीज जागची हलत नाही. मिल धडधडत असते, दराचा आकडा बरोबर असतो, आणि एकूण गाळपाचा आकडा गोठलेला असतो. लोक मीटर बिघडला म्हणतात, सेन्सर बदलतात. बिघाड मीटरमध्ये नसतो. फार मोठ्या संचयात फार लहान घास घालण्याच्या रीतीत असतो.

यावर उपाय सोपा आहे. बेरजेचे दोन कप्पे करावेत. एका कप्प्यात पूर्ण टन ठेवावेत, तेही पूर्णांक संख्येत. दुसऱ्या कप्प्यात हजार किलोंच्या आतली बाकी ठेवावी. बाकी हजारावर गेली, की तिच्यातून हजार वजा करावेत आणि टनांच्या कप्प्यात एक मिळवावा. नव्या पीएलसीत चौसष्ट बिटांची संख्या मिळत असेल तर ती वापरावी. डोसिंगची बेरीज मिलिग्रॅममध्ये ठेवण्याचा हट्ट कोणी करत असेल, तर त्याला हा प्रतिसाद वाचायला द्यावा. एकक लहान केल्याने हे अडथळे टळत नाहीत, कारण बेरीज आणि घास दोन्ही सारख्याच पटीत मोठे होतात.

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत यंत्रसामग्रीच्या निविदांचे काम पाहतो आणि भारतातल्या कारखान्यांशी पत्रव्यवहार करतो. एककांच्या आधी विरामचिन्हांची काळजी घ्यावी लागते, असा माझा अनुभव आहे. इथल्या कागदपत्रांत स्वल्पविराम हे दशांशचिन्ह असते आणि हजारांच्या गटासाठी टिंब वापरतात. त्यामुळे "१.५०० किलो प्रतितास" याचा अर्थ दीड हजार किलो, आणि "१,५०० किलो प्रतितास" याचा अर्थ दीड किलो. आपल्याकडच्या वाचकाला दोन्ही आकडे उलटे दिसतात आणि डोसिंगच्या पत्रकात दोन्ही शक्य वाटतात. आम्ही आता हजारांच्या जागी केवळ मोकळी जागा सोडतो.

अमेरिकन पत्रकांत आणखी एक खड्डा असतो. तिथे बॉयलरची क्षमता पौंड प्रतितासात देताना हजारासाठी रोमन अंकातला "एम" वापरण्याची जुनी रीत आहे आणि दहा लाखासाठी "एमएम". आपण मात्र "एम" पाहिला की मेगा समजतो, म्हणजे दहा लाख. १०० टन प्रतितास वाफ म्हणजे सुमारे २२०.५ हजार पौंड प्रतितास, पत्रकात ते "२२०.५ एम" असे येते. वाचणाऱ्याने मेगा धरले, तर बॉयलर हजारपट मोठा होतो. बॉयलरच्या बाबतीत हे हसण्यावारी जाते, कारण एवढा मोठा बॉयलर असूच शकत नाही. रसायनाच्या मात्रेच्या बाबतीत तसे हसणे सुचेलच असे नाही. शिवाय तिथला टन अनेकदा शॉर्ट टन असतो, ९०७.१८५ किलोचा. एक पौंड प्रतितास म्हणजे ०.१२६ ग्रॅम प्रतिसेकंद, हा आकडा मी टेबलावर चिकटवून ठेवला आहे.

जुना चीफ केमिस्ट

टनाचा विषय निघाला म्हणून दोन शब्द. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला. त्याआधीच्या नोंदवह्या कोणाच्या हाती आल्या, तर त्यांतला टन २,२४० पौंडांचा, म्हणजे १,०१६ किलोचा असतो, आणि मण असेल तर तो ३७.३२ किलोचा. जुन्या आणि नव्या गाळपाची तुलना करताना दीड टक्क्याची वाढ फुकटात मिळू नये, एवढ्यासाठी सांगितले.

साखरेचा हिशेब आपण क्विंटलमध्ये करतो आणि उसाचा टनांत. उतारा अकरा टक्के असेल, तर ५,००० टनांमागे ५,५०० क्विंटल साखर पडते. चोवीस तासांच्या सरासरीने ती सेकंदाला ६.३७ किलो होते, म्हणजे पन्नास किलोचे पोते ७.८५ सेकंदांना एक. गोदामात उभे राहून पोती मोजणाऱ्या मुकादमाला किलोग्रॅम प्रतिसेकंद सांगून उपयोग नसतो, पण "आठ सेकंदांच्या आत एक पोते" हे त्याला लगेच पटते आणि तो घड्याळ लावून पडताळूनही पाहतो. लहान एककात उत्तर काढले, की ते शेवटी डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूत मोजून घ्यावे. आमच्या काळी पीएलसी नव्हते आणि लोडसेल साहेब सांगतात ती व्याधीही नव्हती, वेगळ्या होत्या.

नवशिका

सर्वांचे मनापासून आभार. वरच्या सगळ्या सूचना लक्षात घेऊन मी आमच्या कारखान्याचा हिशेब मांडला आहे, तो कृपया तपासून द्यावा. क्षमता ३,५०० टीसीडी, दिवस बावीस तासांचा, टन मेट्रिक. म्हणून ऊस १५९.०९ टन प्रतितास. मिश्र रस वजनाने उसाच्या १०४ टक्के. म्हणून रस १६५.४५ टन प्रतितास, म्हणजे ४५.९६ किलोग्रॅम प्रतिसेकंद. फ्लॉक्युलंट रसावर २.५ पीपीएम, कोरड्या भुकटीच्या वजनाने, म्हणून ११४.९ मिलिग्रॅम प्रतिसेकंद, तासाला ४१३.६ ग्रॅम. द्रावण ०.०५ टक्के, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम; म्हणून पंप ८२७ लिटर प्रतितासावर.

रसशाळा

हिशेब बरोबर आहे आणि "कोरड्या भुकटीच्या वजनाने" हे शब्द लिहिलेत, ते विशेष आवडले. आता दोन पडताळण्या कराव्यात. पहिली पंपापाशी: डिलिव्हरी पाइप मोजपट्टीच्या बादलीत सोडून घड्याळ लावावे, मिनिटाला १३.८ लिटर पडले पाहिजेत. दुसरी गोदामात: भुकटीचे २५ किलोचे पोते या दराने मिल चालू असलेले साठ तास, म्हणजे तुमच्या बावीस तासांच्या हिशेबाने पावणेतीन दिवस पुरायला हवे. पोते दोनच दिवसांत संपत असेल, तर तासाला ५६८ ग्रॅम भुकटी जात आहे, म्हणजे रसावर मात्रा २.५ नसून ३.४ पीपीएम आहे. पंप बादलीच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला असेल, तर अशा वेळी द्रावण तयार करणाऱ्या टाकीपाशी जावे आणि प्रत्येक घाणीला तिथे भुकटी तोलून टाकतात की मापाच्या डब्याने, ते पाहावे.